आमची वाटचाल : रद्दचा शिक्का

आमची बांधकामाची फर्म बेळगावच्या टिळकवाडीत, दादाच्या हार्डवेअर दुकानाच्या माळ्यावर सुरू झाली. नकाशे आणि स्ट्रक्चर माझ्याकडे, साइट आणि माणसं दादाकडे. तेव्हा शहराचं सरकारी नाव बेळगावच होतं. 1 नोव्हेंबर 2014 ला ते बेळगावी झालं आणि जुन्या लेटरहेडचे दोन गठ्ठे आमच्याकडे उरले. दादाने ते टाकू दिले नाहीत. पुढे तेच नडले.

पण खरी सुरुवात खानापूरच्या एका बंगल्याच्या जिन्यापासून. मालकांच्या आईंना देवघरासमोर जिना नको होता, म्हणून मी तो उजवीकडून डावीकडे नेला आणि नवा नकाशा दादाच्या फोनवर टाकला. आठ दिवसांनी गेले, तर जिना उजवीकडेच, लँडिंगपर्यंत ओतलेला! मेस्त्रींनी सिमेंटच्या शेडचं दार दाखवलं. तिथे खळीने चिकटवलेला जुना नकाशा होता. "अक्का, दारावर तर हेच हाय की," ते म्हणाले. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तोडायला तीन दिवस लागले. ब्रेकरचं भाडं, भंगारात गेलेली सळई, पुन्हा सेंटरिंग, सगळं आमच्या खिशातून.

त्याच सुमारास उद्यमबागेत एका फौंड्रीवाल्या काकांच्या शेडचं काम चालू होतं. जिन्याची गोष्ट ऐकून ते म्हणाले, "माझ्या कास्टिंगवर हीट नंबर असतो. गिऱ्हाईकानं दोन वर्षांनी तुकडा परत आणला तरी त्या दिवशी भट्टीत काय टाकलं होतं ते मी सांगतो. तुझ्या स्लॅबवर काय असतं?"

"तुळशीच्या कुंड्या," दादा म्हणाला. हसलो, पण घरी येताना गाडीत कुणी बोललं नाही.

आयएसओ 9001, म्हणजे कामाच्या गुणवत्तेच्या व्यवस्थेचं आंतरराष्ट्रीय मानक, करायचं ठरलं. पहिला सल्लागार आला तो तयार फाइल घेऊनच. फक्त नाव बदला, म्हणाला. फाइलीत 'मशिन शॉपमधील सुरक्षितता' असं एक अख्खं प्रकरण होतं. त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मग मीच बसून मानक वाचलं, आणि दोन गोष्टी कळल्या ज्या आमच्या लाइनीतल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतात. आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच सर्टिफिकेट देत नाही. ते वेगळ्या संस्था देतात, आणि त्यांना मान्यता आहे का, हे भारतात एनएबीसीबी या मान्यता देणाऱ्या मंडळाकडे बघायचं. दुसरं, 2015 च्या आवृत्तीत जाडजूड क्वालिटी मॅन्युअलची सक्तीच नाही. कलम 8.3 डिझाइनचं आहे. बरेच कॉन्ट्रॅक्टर तिथे 'लागू नाही' लिहून सुटतात. आम्ही नकाशे काढतो, त्यामुळे आम्हाला ती पळवाट नव्हती. आणि जिना तर त्याच कलमात अडकला होता : बदल कुणी केला, कुणी तपासला, कुणाला कळवला.

उपाय निघाला तो साठ-सत्तर रुपयांचा. आमच्या साइटवर गवंडी खानापूरकडचे मराठी, सळईवाले कन्नड आणि बिगारी बिहारचे. इंग्रजीत 'सुपरसीडेड' असा शिक्का मारला असता तर तो कुणासाठी? मराठीत रद्द, हिंदीत रद्द आणि कन्नडमध्येही रद्दु. एकच शब्द तिघांना चालतो. देवनागरी आणि कन्नड अशा दोन लिप्यांतला शिक्का शाहापूरहून करून आणला, लाल शाईचा. नवा नकाशा साइटवर गेला की जुना त्याच माणसाने हातात घेऊन परत आणायचा आणि त्यावर शिक्का मारायचा. जुना आला नाही तर नवा द्यायचा नाही. फोनवरच्या फोटोवरून काम करायचं नाही.

पाण्याचं प्रकरण मात्र वर्षभर चाललं. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे नॉमिनल मिक्समध्ये, म्हणजे ठरलेल्या प्रमाणात कालवलेल्या मालात, एम 20 ला (चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन ताकदीच्या काँक्रीटला) 50 किलोच्या सिमेंटच्या पोत्यामागे जास्तीत जास्त 30 लिटर पाणी. वाळूतलं पाणीही त्यातच मोजायचं. खानापूरच्या पावसात उघड्यावर पडलेल्या वाळूत किती पाणी असतं, ते मूठ दाबली की कळतं. मेस्त्रींना माल सैल हवा असतो, कारण तो पटकन पसरतो. शेवटी बादलीला आतून लाल रेघ मारली. पंधरा-पंधराच्या दोन बादल्या, आणि पावसाळ्यात रेघेच्या खालीच थांबायचं. मेस्त्री चार दिवस रुसले होते.

मग क्यूब. ओतलेल्या काँक्रीटचेच 150 मिलिमीटरचे तीन ठोकळे, पाण्यात ठेवून 28 दिवसांनी लॅबमध्ये फोडायचे. एका कामाच्या कॉलमचे क्यूब 20 ऐवजी सरासरी 16 ला गेले. दादा म्हणाला, लॅबचं चुकलं असेल. मी साइटवर जाऊन क्यूबची टाकी बघितली. कोरडी. ओतकाम भारत हुण्णिमेच्या, म्हणजे माघ पौर्णिमेच्या, तोंडावर झालं होतं आणि अख्खी टोळी सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला गेली होती. फेब्रुवारीचं ऊन. क्यूबना पाणी नाही, म्हणजे कॉलमनाही नाही, हे लक्षात आलं तेव्हा पोटात गोळा आला. मालकांना त्याच संध्याकाळी सांगितलं. दादाचा विरोध होता. कोअर काढले, म्हणजे कॉलममधूनच काँक्रीटचे गोल तुकडे कापून तपासले. सरासरी अपेक्षित ताकदीच्या किमान 85 टक्के हवी आणि एकही कोअर 75 च्या खाली नको. पास झालो, पण निसटते.

त्यानंतर आमच्या जोखमींच्या यादीत पहिल्या पानावर सौंदत्तीची पौर्णिमा आणि गावोगावच्या लक्ष्मी यात्रा लिहिल्या गेल्या. पाऊस तिसऱ्या नंबरवर. यात्रेच्या आधी आठवडाभर कॉलम ओतायचे नाहीत, किंवा पाणी मारायला राहणाऱ्याला आधीच दीडपट हजेरी कबूल करायची. बंगळूरहून आलेल्या ऑडिटरबाईंनी ते पान दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, माझी आईही जाते.

त्यांनी काढलेली त्रुटी वेगळीच होती. एका कोटेशनवर बेळगाव, दुसऱ्यावर बेळगावी. दोन गठ्ठे अखेर रद्दीत गेले. दादाने वजन करून पैसे घेतले.

सर्टिफिकेट तीन वर्षांचं असतं आणि दरवर्षी तपासणी होते, त्यामुळे विसरायची सोय नाही. सर्टिफिकेटमुळे कामं वाढली का? थोडीफार, तीही कारखान्यांची. घर बांधणारा माणूस अजून चौरस फुटाचा दर आणि मेस्त्रींचं नाव विचारतो.

आणि एक गाठ अजून सुटलेली नाही. मालकांचे नातेवाईक. सध्या हिंडलग्याच्या एका कामावर पुण्याचे जावई रात्री साडेदहाला थेट मेस्त्रींना फोन करून खिडक्या सरकवतात. मेस्त्री आता म्हणतात, "सायेब, कागद पाठवा." कागद अजून आलेला नाही. भिंत सिल लेव्हलला, म्हणजे खिडकीच्या खालच्या कडेपाशी, थांबली आहे, आणि जावई रागावलेत ते आमच्यावर.