तुम्ही विचारलंत म्हणून: दे व्रीस

माझं आडनाव दे व्रीस. ते ऐकून मुंबईत विचारतात, "गोव्याच्या का?" माहेरी वेंगुर्ल्याला गेले की डच वखारीचा विषय निघतो, "त्यांच्यातलेच का हे?" आणि नेदरलँड्समधली मराठी मंडळी म्हणतात, "साळगावकर किती छान होतं, बदललंस कशाला?" एकदाच सगळं सांगून टाकते.

पोर्तुगिजांशी या आडनावाचा संबंध नाही. वेंगुर्ल्याची वखार सतराव्या शतकातली. नवरा मला भेटला आइंडहोव्हनच्या ऑफिसात. आणि बदललेलं मी काहीच नाही. इथे नेदरलँड्समध्ये बाईचं जन्माचं आडनाव सरकारदरबारी कायम राहतं, नवऱ्याचं वापरायची मुभा असते. मुलीचं आणि माझं नाव एक असावं म्हणून मी ते वापरते. यात माझा कणा मोडला असं ज्यांना वाटतं, त्यांना वाटू दे.

दे व्रीस म्हणजे फ्रिसलंडचा, म्हणजे नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या प्रांताचा. साळगावात कुणी कुणाला साळगावकर म्हणत नाही, गाव सोडल्यावर म्हणतात, तसंच हे. उत्तरेकडचा माणूस अ‍ॅमस्टरडॅमला येऊन राहिला की शेजारी त्याला दे व्रीस म्हणत. खुद्द फ्रिसलंडमध्ये बहुतेकांचं बापाच्या नावावर भागायचं. मग नेपोलियनचा १८११ चा हुकूम आला, प्रत्येकाने कायमचं आडनाव नोंदवावं, आणि तिथेही अनेकांनी हेच लिहून दिलं. ज्यू कुटुंबांतही ते आहे. २००७ च्या मोजणीत देशात ७१ हजारांच्या आसपास दे व्रीस होते. हे एक कूळ नव्हे. वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो दे व्रीस आमचे कुणी लागत नाहीत.

इथपर्यंत सांगून मी थांबत असे. आता थांबता येत नाही.

मुलीच्या वर्गात एक सुरिनामी मुलगी होती, आडनाव व्रीसदे. १ जुलै जवळ आला होता. १८६३ साली त्या तारखेला सुरिनाममधली, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीतली, गुलामगिरी कायद्याने संपली. आमच्या लेकीने घरी विचारलं, "तिचं नाव आपल्या नावासारखंच आहे, पण उलटं का?" मला माहीत नव्हतं. शाळेच्या अंगणात त्या मुलीची आई भेटली, तेव्हा लेकीने तिलाच विचारलं. बाईंनी खाली वाकून, सावकाश सांगितलं. सुटका झालेल्या माणसांना आडनाव द्यायचं होतं, पण गोऱ्या घराण्याचं जसंच्या तसं द्यायचं नव्हतं. म्हणून काहींना अक्षरं फिरवून दिलं. दे व्रीसचं व्रीसदे. विल्केन्सचं केन्सविल.

नवरा शेजारीच होता. तो घाईने म्हणाला, "आमचे लोक पीट, म्हणजे दलदलीतलं जळण, खणणारे मजूर होते. सुरिनाम त्यांनी नकाशातसुद्धा पाहिलं नसेल." बाई सरळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी तुमच्यावर आरोप करत नाहीये. मुलीने विचारलं, मी सांगितलं." मग आपल्या मुलीचं दप्तर घेतलं आणि निघाल्या.

मला नवऱ्याचा राग आला, आणि त्याचं खरंही वाटलं. पणजोबांचे हात चिखलात गेले हे खोटं नाही. सुटकेच्या वेळी सरकारने सुटलेल्या प्रत्येक माणसामागे ३०० गिल्डर (तेव्हाचं डच चलन) मोजले ते मालकांना; पीट खणणाऱ्या मजुरांना त्यातलं काही मिळालं नाही. पण बाईंनी पैशांचं कुठे विचारलं होतं? त्यांनी एका लहान मुलीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, आणि आम्ही त्यांच्यासमोर आमची वंशावळ ठेवली.

लग्नाच्या वेळी मी आईला म्हणाले होते, आडनाव ही कागदावरची सोय आहे. तेव्हाच्या त्या मुलीशी, म्हणजे माझ्याशीच, मला आज भांडावंसं वाटतं. ज्याला निवडता येतं त्याच्यासाठी ती सोय. मी दोन नावांतून एक उचललं. व्रीसदे घराण्याच्या पहिल्या माणसाला कुणी विचारलं होतं? तरी हेही सांगते, व्रीसदे हे नाव आता त्यांचं आहे. लेटिशिया व्रीसदे १९९५ च्या जागतिक स्पर्धेत ८०० मीटरचं रौप्यपदक घेऊन गेली, सुरिनामच्या झेंड्याखाली. ते नाव उलटं आहे असं म्हणायचा अधिकार मला आहे का, हे मला ठरवता आलेलं नाही.

२०२४ पासून इथे मुलांना आई-बाप दोघांची आडनावं जोडून देता येतात. आमच्या लेकीसाठी तशी मुदत होती. घरात बरेच दिवस वाद झाला. नवरा म्हणाला जोडू, मी नको म्हणाले, मग मी जोडू म्हणाले तेव्हा तो गप्प होता. मुदत संपली. ती दे व्रीसच आहे.