आमची वाटचाल : प्लेट पास झाली, जोड नापास

भोसरी एमआयडीसीत शेड घेतलं तेव्हा आम्ही गेट, ग्रिल, मशीनचे गार्ड असलंच फॅब्रिकेशन करायचो. मग कॅश व्हॅनच्या बॉड्या बनवणाऱ्या एका पार्टीने विचारलं, बुलेटप्रूफ दरवाजे करून द्याल का, आणि मी लगेच हो म्हणून बसलो, कारण मला वाटलं प्लेट कापायची, जोडायची, बिजागरी लावायची, त्यात काय एवढं.

आर्मर प्लेट आली आणि पहिल्याच भोकाला ड्रिल बिट जळाला. साध्या एमएसची, म्हणजे माइल्ड स्टीलची, हार्डनेस असते 120-130 बीएचएन (ब्रिनेल, कडकपणा मोजायचं माप), हिची 500 च्या आसपास. एके-47 ची गोळी सेकंदाला 700 मीटरने येते, 6 एमएम एमएसमधून ती आरपार जाते, पण जवळपास तेवढ्याच जाडीच्या ह्या प्लेटवर आपटून तीच चपटी होते. नुसती कडक असूनही चालत नाही बरं का, चिवटपणा नसेल तर प्लेट काचेसारखी तडकते.

दरवाजा टेस्टला चंदीगडला नेला, मी स्वतः गेलो होतो. बंदूक कोणी हातात धरत नाही, बॅरल स्टँडवर पक्की बांधलेली, 10 मीटरवर आपला दरवाजा, मधे गोळीचा वेग मोजणारे सेन्सर आणि दरवाज्यामागे अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा. त्या पत्र्याला भोक पडून उजेड दिसला की फेल. दरवाज्याच्या मधोमध मारलेल्या तिन्ही गोळ्या थांबल्या, नुसते चकचकीत खळगे, मागे जरासा फुगवटा. मी खूष. चौथी त्यांनी लॉकच्या कोपऱ्यात, वेल्डवर मारली, आणि पत्र्यातून उजेड दिसला. त्या व्हॅनमध्ये तिथं कोणाचा तरी खांदा आला असता, हे माझ्या डोक्यातून आजही जात नाही.

चूक आमचीच होती. ही प्लेट क्वेंच-टेंपर केलेली असते, म्हणजे तापवून झटकन गार करून परत थोडी तापवलेली, 200 डिग्रीच्या वर तापली की कडकपणा उतरायला लागतो, आणि आम्ही गॅस कटरने कापून वर साध्या रॉडने जाड जाड वेल्ड भरला होता. परत आल्यावर तो कोपरा कापून हार्डनेस घेतली तर वेल्डच्या बाजूला 300 च्याही खाली! म्हणजे विकत घेतलेलं आर्मर आम्हीच जाळून टाकलं होतं.

मग सगळी पद्धतच बदलली. कटिंग वॉटरजेटवर, म्हणजे जोरदार पाण्याच्या धारेने कापणाऱ्या मशीनवर, जॉबवर्कला द्यायला लागलो, महाग पडतं पण कडा तापत नाहीत. वेल्डिंगला स्टेनलेसचा रॉड, छोटे छोटे रन (एका वेळी भरलेला वेल्डचा थर), एक रन हात लावता येईल एवढा गार झाला की मगच दुसरा, आमचे वेल्डर काका सुरुवातीला वैतागले, आता नवीन पोरांना तेच ओरडतात. आणि प्रत्येक जोडामागे त्याच प्लेटची 50 एमएमची पट्टी, ती सोडायची नाही म्हणजे नाही. गोळी फुटून तुकडे प्लेटला घासत बाजूला उडतात, ते फटीतून आत जाऊ नयेत म्हणून चौकटीला आतून ओठ दिला. दुसऱ्या खेपेला दरवाजा पास झाला, कोपऱ्यासकट.

गिऱ्हाईक आलं की पहिलं विचारतं जाडी किती. मी त्यांना शेडमध्ये ठेवलेला तो फेल झालेला कोपरा आधी हातात देतो. सध्या इन्सास रायफलच्या 5.56 एमएम गोळीसाठी दरवाजा करतोय. गोळी लहान दिसते पण वेग जास्त असल्यामुळे स्टीलला ती जड जाते, त्यामुळे लॉकच्या कोपऱ्याचं ड्रॉइंग तिसऱ्यांदा बदललंय.