जिन्याखालचा फळा

गिरगावातल्या आमच्या चाळीत शिरताच जिन्याच्या डाव्या हाताला भिंतीवरच रंगवलेला एक काळा फळा आहे. त्याच्या माथ्यावर पांढऱ्या तैलरंगात ‘सूचना’ असे लिहिले होते. पण ‘सू’चा उकार काही वर्षांपूर्वी पोपड्याबरोबर गळून पडल्यामुळे आता तिथे ‘सचना’ एवढेच उरले आहे. बाजूच्या खिळ्याला सुतळीने बांधलेले एक फडके आणि खाली कोनाड्यात खडूंसाठी डालड्याचा जुना डबा, एवढा त्याचा संसार. शाळेत माझे अक्षर बरे होते, या एका अपराधापायी बाराव्या वर्षी या फळ्याचे लेखनिकपद माझ्या गळ्यात पडले आणि ते आजतागायत सुटलेले नाही.

या फळ्यावर काय लिहिले जात नसे? पाण्याची वेळ, टाकी धुण्याचा दिवस, सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाचे आमंत्रण, दहावीचा निकाल, गच्चीवर वाळत घातलेली चादर नाहीशी झाल्याची तक्रार आणि त्याच तक्रारीखाली दुसऱ्या दिवशी ‘चादर सापडली, क्षमस्व’ हेही. एकदा मी ‘उद्या पाणी येणार नाही’ असे लिहिले असता कोणीतरी बुटाची नाडी बांधताना भिंतीला टेकला, त्याच्या सदऱ्याबरोबर ‘नाही’ निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळी चाळ बादल्या घेऊन नळापाशी उभी राहिली. संध्याकाळी त्या अर्ध्या वाक्याखाली कोणीतरी ‘नक्की?’ एवढेच लिहून ठेवले होते. नाव नव्हते, पण नावाची गरजही नव्हती. वेलांटीला एवढे मोठे छप्पर घालणारा माणूस आमच्याकडे एकच आहे, आणि तो तिसऱ्या मजल्यावर राहतो.

मयताची सूचना मात्र कोणी शिकवल्याशिवाय सगळ्यांना कळलेल्या एका नियमाने चाले. ती डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात लिहायची, तिच्याभोवती चौकट आखायची आणि तेराव्यापर्यंत फडके तिथे जाऊ द्यायचे नाही. उरलेल्या फळ्यावर पाणी, वर्गणी, क्रिकेटच्या सामन्यांची वेळ हे सगळे दाटीवाटीने बसत असे, पण त्या चौकटीला कोणाचा धक्का लागत नसे. मुलेसुद्धा तिथून जाताना पाठ सांभाळत. चौदाव्या दिवशी सकाळी मी ती पुसायला गेले की जिना उतरणारे एखादे माणूस थबकून म्हणायचे, “पुसतेस? बरं.” त्या ‘बरं’मध्ये जेवढे सांत्वन असे, तेवढे मला पुढे कुठल्या शोकसभेत सापडलेले नाही.

हा फळा आमच्या हाती कसा आला, याचे उत्तर भाडेकायद्यात आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. १९४७च्या कायद्याने मुंबईतली जुनी भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली, घरमालकाला इमारतीत रस उरला नाही, आणि १९६९च्या कायद्यानंतर अशा उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारतींची डागडुजी सरकारी मंडळाकडे गेली. टेकू आले, चुना आला, पण जिना, गच्ची, गॅलरी आणि ही भिंत नक्की कोणाची, हा प्रश्न कोणी विचारला नाही. ज्या जागेला धनी नव्हता, ती आपोआप सगळ्यांची झाली. हे चांगले धोरण होते, असे मी म्हणणार नाही. त्याच हेळसांडीतून पावसाळ्यात तुळया कोसळल्या आणि माणसेही दगावली. पण आमचा फळा त्या हेळसांडीतच जन्मला, हेही खोटे नाही.

गणपतीच्या आधी महिनाभर तो वर्गणीच्या यादीने भरून जाई. १८९३पासून ज्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव होतो, ती आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्यामुळे या बाबतीत मागे राहणे आमच्या ज्येष्ठांना कदापि मान्य नव्हते. ज्यांनी पैसे दिले त्यांची नावे लिहायची, न देणाऱ्यांच्या खोली क्रमांकापुढे नुसती जागा मोकळी सोडायची. ती मोकळी जागा दिवसातून चार वेळा डोळ्यांसमोरून गेली की चौथ्या दिवशी पैसे येत. वसुलीचा याहून सभ्य मार्ग मला ठाऊक नाही.

मग पुनर्विकास आला, तोही फळ्यावरूनच. आधी ‘रविवारी बिल्डरचे प्रतिनिधी येणार’, मग ‘सर्वेक्षणासाठी खोल्या उघड्या ठेवणे’, मग संमतीपत्रांचा आकडा, जो मी रोज खोडून नव्याने लिहीत असे, कारण ५१ टक्क्यांची रेषा ओलांडेपर्यंत कोणालाच दुसरे काही सुचत नव्हते. त्यानंतर व्यवहार मोबाइलवरच्या गटात गेला. त्याला मी नावे ठेवणार नाही. डोंबिवली-विरारला गेलेली आमची अर्धी चाळ त्यामुळे पुन्हा बोलू लागली. फक्त गटात भांडण झाले की माणूस गटातून बाहेर पडतो. फळ्यावर भांडण झाले तरी त्याला जिना तोच उतरावा लागे.

माझी आत्या वरळीच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळीत १६० चौरस फुटांत वाढली. १९२०च्या दशकात सरकारने बांधलेल्या या चाळींत एकेका इमारतीत ८० खोल्या आणि मजल्याच्या टोकाला सामाईक संडास. ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या वाटल्या गेल्या, त्यांत तिचीही होती. आता ५०० चौरस फूट, स्वतःचा संडास. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला हे सुख काय असते, ते चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी तिला एकदा विचारावे. मी भेटायला गेले तेव्हा तिने घर कौतुकाने दाखवले, चहा दिला आणि कप विसळता विसळता सहज म्हणाली, “लिफ्ट थेट आपल्या मजल्यावर उघडते गं. मधे कुणी भेटतच नाही.” तक्रारीचा सूर नव्हता. चहात साखर कमी पडली, असे सांगावे तसे तिने सांगितले.

ते डोक्यात ठेवूनच मी आमच्या गेल्या बैठकीला गेले. वास्तुरचनाकारांनी नकाशा टेबलावर पसरला होता. किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र कोणाला, जास्त कोणाला, वाहनतळ किती मजले, सगळे मापून आखले होते. मी विचारले, “फळा कुठे?” सगळे हसले. ते गृहस्थ सौजन्याने म्हणाले की तळमजल्यावर पडदा बसवता येईल, सूचना आपोआप सरकतील. मी म्हटले, सरकायला नको आहेत, थांबायला हव्यात. आणि लिफ्ट दोन बाजूंना न ठेवता एका बाजूला आणा, म्हणजे सगळे एकाच भिंतीपुढून जातील. तेवढ्यात मागून पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “आणि तिथे एक बाक टाका. वाचताना टेकायला.” बाकामुळे हशा थांबला. त्या गृहस्थांनी पेन्सिलीने लिफ्टच्या चौकोनाभोवती एक फिकट गोल काढला आणि पुढचा विषय घेतला.

काल मी फळ्यावर लिहिले : ‘पुढील महिन्याच्या ३० तारखेपर्यंत खोल्या रिकाम्या करणे. तीन वर्षांत नवीन घराचा ताबा मिळेल.’ आज सकाळी दूध आणायला उतरले, तेव्हा दुसऱ्या वाक्याखाली मोठ्या छपराची वेलांटी दिसली.

‘नक्की?’

फडके हातात घेतले होते, ते परत खिळ्याला अडकवले.