आमची वाटचाल : वाळू, पाणी आणि पळवलेली पोरं

२००४ साली कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये आमच्या फौंड्रीची, म्हणजे लोखंडी ओतकामाच्या कारखान्याची, क्युपोला (कोकवर लोखंड वितळवायची भट्टी) पेटली. पुढं काम मिळत गेलं, विजेवरची इंडक्शन फर्नेस आली, हप्ते फिटले. त्या तेरा वर्षांत सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते २०१७ च्या दिवाळीचं.

बोनस वाटला आणि पाडव्यानंतर चार मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे, आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी कळलं, आमच्याच लाईनीतल्या एका फौंड्रीत उभे आहेत. महिन्याला दोन हजार जास्त. तो मालक लक्ष्मीपूजनाला आमच्या ऑफिसात पेढा खाऊन गेला होता! चौघांतल्या तिघांना वाळू ठोकायचा रॅमर कसा धरायचा इथपासून मी शिकवलं होतं.

नव्या हातांनी वाळूत पाणी जास्त मारलं. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओल्या वाळूत, ओल साडेतीन टक्क्यांच्या आसपास हवी, हे तुम्हाला सांगायला नको. कास्टिंग (ओतलेला भाग) दिसायला देखणं, हायड्रोटेस्टला, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या चाचणीला लावलं की ब्लोहोलमधून, वाफेनं पडलेल्या भोकांतून, पाणी. पंपाच्या २१२ केसिंगपैकी (बाहेरच्या कवचांपैकी) ६१ परत. मोठ्या गिऱ्हाइकानं नुकसान आमच्या बिलातून कापल्याची डेबिट नोट पाठवली आणि फोन उचलणं बंद केलं. घरचं सोनं बँकेत गेलं, त्यावर जास्त लिहीत नाही.

सांगलीचे एक छोटे पंपवाले, आम्ही त्यांना काकाच म्हणतो, त्यांनी ऑर्डर थांबवली नाही. स्वतः आले, मोल्डिंग बॉक्सशेजारी उकिडवे बसले, वाळूची मूठ आवळून मोडून पाहिली. वाळू हाताला चिकटली. तळहात पँटला पुसत म्हणाले, "वाळू बघणारं कोण उरलंय तुमच्याकडं?"

कोणी नव्हतं. ओळखीच्या चार फौंड्र्यांतही तीच गत. मग आम्ही पाचजण बसलो. अप्रेंटिस कायदा १९६१ चा. अनेक मालकांनी एकत्र येऊन शिकाऊ पोरं एकमेकांच्या कारखान्यांत फिरवावीत, ही सोय त्याच्या आठव्या कलमात आहे. आम्ही मात्र कायद्याकडं इन्स्पेक्टरच्या भीतीपलीकडं कधी पाहिलंच नव्हतं. एकाकडं पॅटर्न शॉप (साच्यासाठी नमुने बनवायची जागा), एकाकडं सीओटू कोअर (आतल्या पोकळीसाठी गॅसनं कडक केलेले वाळूचे गाभे), माझ्याकडं वाळूची टेस्टिंग. पोरगं दोन-दोन महिने प्रत्येकाकडं. विद्यावेतन ज्याचं पोरगं त्यानं द्यायचं. त्यातला पाव हिस्सा, १५०० रुपयांपर्यंत, केंद्राच्या योजनेतून मिळायचा. आणि दोन वर्षं एकमेकांचं पोरगं घ्यायचं नाही. हे शेवटचं कागदावर नाही, चहावर ठरलं.

जाता जाता एक सांगतो. पोराला पहिले पंधरा दिवस पाण्याच्या नळाला हात लावू देऊ नका. नुसती वाळू चाळू द्या, मूठ आवळू द्या, मग मॉइश्चर मीटरचा आकडा दाखवा. मीटर आधी दिला की हात शिकत नाही. दुसरी फर्नेस घेण्याआधी कडकपणा मोजणारा हार्डनेस टेस्टर घ्या, कर्ज तरी कमी लागेल.

तीन वर्षांनी तोच पेढेवाला आमच्या गटात यायला निघाला. मी नको म्हटलं. चौघांनी हो म्हटलं. आता मीटिंगला पहिल्या खुर्चीत बसतो आणि 'कुशल मनुष्यबळ' यावर बोलतो.

त्याच्या फौंड्रीतलं एक शिकाऊ पोरगं या महिन्यात आमच्याकडं वाळू शिकतंय. हात चांगला आहे. जेवणाच्या सुट्टीत त्याला पगार विचारावासा वाटतो. अजून विचारलेला नाही.