अंबाडीची पट्टी एकदाची जबड्याबाहेर तुटली

मंडळी, तुटली! तीही मधोमध. जबड्यात नाही.

सायकलच्या कॅरिअरसाठी अंबाडीचा वाख (सालीचे धागे) आणि रेझिनची पट्टी पुन्हापुन्हा वाकवून ती किती फेऱ्यांनी थकून तुटते, म्हणजे तिचा फटीग, मी जुगाडी यंत्रावर मोजतोय. पट्टीचं एक टोक व्हाइसच्या जबड्यात घट्ट, दुसरं गाडीची वायपर मोटर हलवते. मागच्या अपडेटपासून या जबड्याने नुसतं बेजार केलं होतं. वायपर मोटर मस्त फिरते, पट्टी खालीवर वाकते आणि सकाळी जाऊन बघावं तर तडा बरोब्बर पकडीच्या कडेला. तिथे वाकण्याचा ताण सगळ्यात जास्त, वर व्हाइसचा दाब, त्यात लोखंडाची धार. म्हणजे मिळालेला आकडा वाखाचा नव्हेच, व्हाइसचा. ॲल्युमिनियमच्या टॅब चिकटवल्या, मध्ये पॉलिश पेपर घातला, धार कानशीने गोल केली. तडा काही जागा सोडेना.

शेवटी पट्टीचा आकारच बदलला. पकडीकडे रुंद, टोकाकडे निमुळती, त्रिकोणी. बाजूच्या दोन्ही रेषा वाढवल्या की मोटरचा दांडा जिथे जोर लावतो तिथेच मिळाल्या पाहिजेत, एवढं सांभाळायचं. वाकवणारा जोर टोकाकडे जसा घटतो तशी रुंदीही घटते, म्हणून वरच्या पृष्ठभागावर ताण सगळीकडे सारखा. ट्रकच्या कमानपाट्यामागचं गणितही हेच. स्ट्रेन (ताणामुळे लांबी किती टक्के बदलते ते) काढायचा तर जाडी गुणिले टोकाची हालचाल, भागिले लांबीचा वर्ग. माझी पट्टी ४ मिमी जाड, १०० मिमी लांब, टोक १० मिमी हलतं. म्हणजे ०.४ टक्के.

तुटण्याची तऱ्हाही बघण्यासारखी. काडकन काही होत नाही. आधी रेझिनवर केसाएवढ्या पांढऱ्या रेघा, मग धागे रेझिनपासून सुटू लागतात, पट्टी वाकवायला लागणारा जोर हळूहळू उतरतो. शेवटी पट्टी चार धाग्यांवर लोंबकळते. जोर सुरुवातीच्या ८० टक्क्यांवर आला की मी ती गेली असं धरतो.

मोटर जोरात फिरवा, असा सल्ला येतोच. नाही फिरवणार. वनस्पतीचा धागा काचेपेक्षा जास्त ऊर्जा आत जिरवतो. वेग वाढला की पट्टी तापते, रेझिन मऊ पडतं आणि आपण फटीग सोडून उष्णता मोजत बसतो. सेकंदाला एक फेरा म्हणजे दिवसाला ८६,४००. दहा लाखांना साडेअकरा दिवस, तेही लाइट टिकली तर. मोजायला कॅल्क्युलेटरच्या ‘बरोबर’च्या बटणाला रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा) डागलाय. सेलवर चालतो, लाइट गेली तरी आकडा शाबूत. या जुगाडावर मी जाम खूश आहे.

वाख शेजारच्या काकांकडचा, पोळ्याला कासरे वळून उरलेला. बाजारातल्या घायपातापेक्षा मला हाच आवडतो, विंचरायला सोपा. रेझिन नेहमीचंच, एलवाय ५५६ इपॉक्सी आणि त्याचा हार्डनर एचवाय ९५१, वजनाने १०:१. मात्र संभाजीनगरच्या एका दुकानाने सुटा हार्डनर दिला तो इतका पिवळा पडलेला की पट्टी दुसऱ्या दिवशीही चिकट. सीलबंदच घ्या.

आता नवी कटकट. त्रिकोण कापताना कडेचे धागेही कापले जातात आणि चीर तिथूनच धाग्याच्या दिशेने पळते. कडा ६०० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासून पातळ रेझिनने बंद करायचं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, त्रिकोण तरी कशाला? फोर पॉइंट बेंडिंग (बाहेरचे दोन रोलर एका बाजूने, आतले दोन दुसऱ्या बाजूने दाबून पट्टी वाकवणं) घेतलं तर आतल्या दोन रोलरांमध्ये ताण सारखाच राहतो, पट्टी सरळ, पकडच नाही. रोलरसाठी ६०८ नंबरच्या बेअरिंग पडलेल्याच आहेत. फक्त पट्टी एकाच बाजूला वाकेल, दोन्हीकडे नाही. सायकलच्या कॅरिअरला तेवढं चालतं.

पट्ट्या आता सिलिका जेलच्या डब्यात ठेवल्यात, लावण्याआधी प्रत्येकीचं वजन करणार. वाख ओल पितो आणि मे महिन्यातली पट्टी श्रावणातल्या पट्टीशी ताडून उपयोग नाही. कुणाकडे ०.०१ ग्रॅमचा वजनकाटा पडून असेल तर सांगा.