आमची वाटचाल : आधी टाकी, मग पंप

आमच्या पाटीवर आजही 'डिझेल पंप व नोझल दुरुस्ती' असंच लिहिलेलं आहे. हा पंप म्हणजे इंजिनला दाबानं डिझेल पुरवणारा, आणि नोझल म्हणजे ते सिलिंडरमध्ये फवारणारं तोंड. प्रत्यक्षात मात्र आलेल्या कितीतरी ट्रकचा पंप आम्ही खोलतच नाही. धंद्याच्या हिशेबानं हे उफराटं वाटेल, पण आमचं नाव झालं ते यामुळेच.

सुरुवात इनलाइन पंपावर झाली. बॉशने १९२७ पासून हा पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला आणि त्याचं मूळ तत्त्व पुढं कित्येक दशकं टिकलं. प्रत्येक सिलिंडरला एक प्लंजर (डिझेल दाबणारा दांडा), तो बॅरल नावाच्या नळीत वर-खाली होतो. रॅक, म्हणजे दातेरी पट्टी, सरकला की प्लंजर फिरतो, डिझेल कमी-जास्त होतं. प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. त्या फटीत सीलही डिझेलच आणि वंगणही डिझेलच. डिझेलमध्ये पाणी, धूळ किंवा रॉकेल आलं की पहिला मार तिथं बसतो.

कर्ज काढून पहिला टेस्ट बेंच, म्हणजे पंप गाडीबाहेर फिरवून तपासायचं यंत्र, घेतला. चांगला पंप लावला की काचेच्या सगळ्या नळ्यांत तेल एका रेषेत चढतं. झिजलेल्या पंपाची एखादी नळी मागं राहते. बघायला आलेल्या मालकाला काही समजावून सांगावं लागत नाही. आम्ही एलिमेंट (प्लंजर-बॅरलची जोडी) बदलायचो, सगळ्या नळ्यांची डिलिव्हरी जुळवायचो, गव्हर्नर (इंजिनचा वेग आवरणारा भाग) लावून द्यायचो. पण काही गाड्यांचे पंप थोड्याच महिन्यांत पुन्हा टेबलावर यायचे आणि खोलले की प्लंजरवर तेच उभे करडे ओरखडे, नाहीतर तपकिरी डाग. ओरखडे म्हणजे धूळ, डाग म्हणजे पाणी. पंप नवा करून आम्ही त्याच घाणीत परत सोडत होतो.

मग नियम केला : पंपासोबत जुना डिझेल फिल्टर आणि टाकीच्या तळातून काढलेलं डिझेल पारदर्शक बाटलीत आणायचं. काही गिऱ्हाइकं चिडली, काही दुसरीकडे गेली. जी थांबली त्यांच्यासमोर आम्ही फिल्टर कापतो, आतला कागद पांढऱ्या कपड्यावर पसरतो. काळा चिकट थर असेल तर टाकीत पाणी साचून जंतू वाढलेत. तांबूस भुकटी असेल तर टाकी आतून गंजली. बाटली तासभर उभी ठेवली की खाली पाण्याची रेघ दिसते. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वॉटर सेपरेटरचा निचरा रोज सकाळी गाडी चालू करण्याआधी करा आणि रात्री टाकी शक्यतो भरलेली ठेवा, हे आम्ही बिलाच्या मागंच छापून टाकलं. रिकाम्या टाकीतल्या हवेचा ओलावा रात्री पत्र्यावर जमतो आणि डिझेलमध्ये उतरतो. भेसळीबद्दल बोलणं अवघड जातं, कारण स्वस्त डिझेल भरणारा बहुधा समोरच बसलेला असतो. डिझेलमधलं गंधक काढताना त्याचा वंगणगुणही कमी होतो. तो भरून काढायला रिफायनरी ॲडिटिव्ह घालते आणि रॉकेल तेही पातळ करून टाकतं.

पंप खरंच थकलाय का, हे ओळखायला चालकाचं बोलणं नीट ऐकावं. 'सकाळी एका सेल्फात चालू होते, पण तापल्यावर बंद केली तर अर्धा तास घेत नाही' असं तो म्हणाला की आमचे कान टवकारतात. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या फटीतून निसटतं आणि स्टार्टरच्या मंद फिरण्यात दाब तयार होत नाही. जुन्या रोटरी पंपावर (सगळ्या सिलिंडरना एकाच फिरत्या भागातून डिझेल वाटणाऱ्या) ओलं गार फडकं ठेवून बघायचं. गाडी लगेच चालू झाली तर निदान जवळपास पक्कं. इंजिन ऑइलची पातळी वाढत असेल आणि डिपस्टिकला डिझेलचा वास येत असेल तर गाडी चालवू नका. ज्या पंपाला इंजिनचंच ऑइल मिळतं, त्याच्या प्लंजरमधून गळालेलं डिझेल इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं आणि बेअरिंगचा घास घेतं.

उलट, चढाला दम सोडणारी गाडी पंपामुळंच सोडते असं नाही. चोंदलेला फिल्टर, टाकीचं बंद झालेलं ब्रीदर (हवेचं भोक), टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाची जाळी, नाहीतर टाकीकडून येणारी सक्शन लाइन कुठंतरी हवा ओढतेय. पंपाच्या आधी पारदर्शक पाइपचा तुकडा जोडला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. मागं फिरवलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच अशाच असतात.

कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामायिक नळीतून जास्त दाबाचं डिझेल देणारी पद्धत, आली तसं कामाचं रूप बदललं. ट्रकसाठी ती १९९५ मध्ये डेन्सोने बाजारात आणली; आमच्या टेबलावर पोचायला बराच काळ गेला. दाब २,००० बारच्याही पुढं जातो. जुन्या इंजिनवर मिसिंग (कुठला सिलिंडर नीट पेटत नाही ते) शोधायला आम्ही चालू गाडीचे पाइपचे नट एकेक ढिले करायचो. ती सवय इथं जिवावर बेतते, कारण एवढ्या दाबाची धार कातडीतून सरळ आत घुसते. मुलांच्या हातातला पाना काढून तिथं स्कॅनर द्यायला आम्हाला वेळ लागला आणि जुन्या हातांना तो अजूनही पटलेला नाही.

कॉमन रेलचा पंप आला की आधी मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा) काढून त्याची जाळी उजेडात धरतो. चंदेरी चमचम दिसली म्हणजे पंपानं धातू सोडला आहे आणि तो रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये, रिटर्नमधून टाकीतही गेला आहे. अशा वेळी 'फक्त पंप बदलून द्या' हे काम आम्ही घेत नाही. टाकी आणि लाइन धुणं, फिल्टर बदलणं, रेल आणि इंजेक्टर तपासून लागतील ते बदलणं, सगळं एकाच कोटेशनमध्ये देतो. आकडा ऐकून माणूस उठून जातो. काही जण नवा पंप दुसरीकडून बसवून घेतात आणि काही दिवसांनी तोच पंप घेऊन येतात. तेव्हाही कोटेशन तेच असतं, फक्त त्यात एक पंप वाढलेला असतो.