तेरावा महिना नसलेला फॉर्म

पुण्यात बारा वर्षं संख्याशास्त्र शिकवून मी इथिओपियातल्या एका विद्यापीठात रुजू झाले. व्हिसा, घर, नेमणूक सगळं बिनबोभाट झालं. अडलं ते एका फॉर्मवर, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

सॅम्पलिंग, म्हणजे सगळ्यांऐवजी मोजकेच निवडून अंदाज बांधणं, शिकवायला वसतिगृहातल्या झोपेची छोटी पाहणी ठरवली. परवानगीसाठी 42 मुलांचे फॉर्म भरायचे होते. ऑक्टोबर 2018 चालू होता, तिथल्या पंचांगात मात्र 2011. तिथे 30 दिवसांचे बारा महिने असतात आणि वर 5 किंवा 6 दिवसांचा तेरावा, पागुमे. संगणकावरच्या फॉर्ममध्ये बाराच महिने. माझी एक विद्यार्थिनी पागुमेच्या 3 तारखेची. तिने 13 घातलं, फॉर्म घेईना. 12 घातलं, तर ओळखपत्राशी जुळत नाही म्हणून परत. आणि मंजुरी सगळ्यांची एकत्रच! तीन आठवडे मी तास संपला की परवानगीच्या खिडकीसमोरच्या बाकावर जाऊन बसत होते. रोज तेच उत्तर, "महिना दुरुस्त करून आणा." जन्माचा महिना कसा दुरुस्त करायचा? एके दिवशी ती पोरगी हळूच म्हणाली, "टीचर, मला वगळा ना." फार लागलं ते. फॉर्मात बसत नाही म्हणून माणूस गाळायचं आणि उरलेल्यांना रँडम सॅम्पल म्हणायचं, हे मी शिकवणार होते का? शेवटी इंग्रजी कॅलेंडरची 8 सप्टेंबर ही तारीख, ओळखपत्राची प्रत आणि विभागप्रमुखांचं पत्र जोडलं, तेव्हा शिक्का पडला. हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर! तुम्ही जाणार असाल तर हे पत्र आधीच घेऊन ठेवा.

आणि बाकीच्या 41 जणांनी ओळखपत्रावरची तारीख तशीच उतरवली होती, ती मात्र मुकाट मंजूर. तिथल्या 1990 साली जन्मलेला वीस-एकवीस वर्षांचा मुलगा, ते इंग्रजी साल धरल्यामुळे, यादीत 28 वर्षांचा झाला. चूक त्या पोरीची नव्हतीच.

मग उत्तरं आली. "किती वाजता उठता?" याच्या आलेखाला दोन उंचवटे, एक 6 वर, एक 12 वर. एकाच खोलीतले दोघे, एकाच गजराने उठणारे. एकाने 6 लिहिलेलं, दुसऱ्याने 12. तिथे तास उजाडल्यापासून मोजतात, आपल्या पंचांगातल्या घटिकांसारखे, त्यामुळे सकाळचे सहा म्हणजे तिथले बारा आणि सात म्हणजे तिथला एक. दोघांची सरासरी 9, आणि 9 वाजता तर त्या खोलीत कुणीच झोपलेलं नव्हतं. सरासरी कधी फसवते हे वर्गाला यापेक्षा चांगलं मी शिकवू शकले नसते. प्रश्नावलीत वेळेपुढे "कुठलं घड्याळ?" हा रकाना ठेवाच.

हजेरीत आडनाव शोधू नका, दुसरं नाव वडिलांचं असतं.

आणि हो, संभाव्यतेला पत्ते नेऊ नका. मी नेले, आणि अर्धा तास किलवर-इस्पिक समजावण्यात गेला. पुढच्या तासाला पिशवीत कॉफीचे 30 कच्चे आणि 20 भाजलेले दाणे घालून नेले. डोळे मिटून एक काढायचा, रंग सांगायचा, परत टाकायचा. मागच्या बाकावरचा मुलगा दाणा नाकाशी नेऊन न बघताच "भाजलेला" म्हणाला आणि बरोबर निघाला. तेव्हापासून हात लांब ठेवून बघायचा असा नियम केला.